नागपूरचा मांत्रिक नागपूरचा वाटावा यासाठी

नमस्कार. आपला प्रश्न मला समजला तो असा. आपण नागपुरात घडणारी एक अर्बन फँटसी कादंबरी लिहीत आहात. तिचा नायक धरमपेठेत राहणारा तिशीतला मांत्रिक आहे आणि फुटाळ्याजवळच्या एका तळघरात साधना करणाऱ्या अघोऱ्याच्या काळ्या जादूशी तो लढतो. तीन प्रकरणे लिहून झाली आहेत, आणि ज्या मित्रांनी ती वाचली ते सगळे एकच म्हणतात, की गोष्ट परदेशातली आहे, पाट्या तेवढ्या नागपूरच्या लावल्या आहेत. यावर उपाय म्हणून मंत्र संस्कृतात घ्यावेत का, शहराची वर्णने वाढवावीत का, आणि असे पुस्तक अंधश्रद्धा पसरवते म्हणून कायद्याच्या कचाट्यात सापडेल का, हे आपण विचारले आहे. नमुन्यादाखल आपण एक वाक्यही दिले आहे: ‘त्याने काळ्या कोटाची कॉलर वर केली, हात उंचावला आणि बोटांतून निळी वीज सळसळत बाहेर पडली.’

बरीच वर्षे मराठी कथा-कादंबऱ्यांचे संपादन करतो आहे आणि गूढ-अद्भुताची हस्तलिखिते माझ्याकडे नेमाने येतात, त्यामुळे या तक्रारीचे मूळ कुठे असते याचा थोडाफार अंदाज आहे. कोट काढून टाकावा हे खरे, कारण मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात लांब कोट घालून निघालेल्या माणसाची नागपूरकरांना भीती वाटणार नाही, काळजी वाटेल. पण कोट काढून सदरा चढवल्याने किंवा निळ्या विजेच्या जागी संस्कृत श्लोक घातल्याने मित्रांचे मत बदलणार नाही. आपल्या तीन प्रकरणांच्या आराखड्यात जादूमुळे कोणाचा फायदा होतो आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागते, या दोन प्रश्नांची उत्तरेच नाहीत. आपला अघोरी वाईट आहे, कारण तो वाईट आहे. आपला नायक लपून राहतो, कारण अशा कादंबऱ्यांतले नायक लपून राहतात. या दोन्ही गोष्टींची कारणे याच शहरात शोधली, तर भाषा आणि वर्णने यांचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

काही बाबी आपल्या योजनेवर अवलंबून आहेत, त्यांविषयी मी ठाम बोलणार नाही. कादंबरी किशोरांसाठी असेल तर पुढे सांगितलेला काळोख थोडा निवळावा लागेल. एकच पुस्तक असेल तर जादूचे नियम कमी आणि घट्ट हवेत, मालिका असेल तर काही दारे उघडी ठेवता येतील. या शहरात जादू सगळ्यांना ठाऊक आहे की मोजक्या लोकांना, हे मात्र आजच ठरवावे. आपल्या तीन प्रकरणांवरून ती गुप्त असावी असे दिसते, म्हणून पुढचे सगळे तसे धरून लिहितो.

आता लपण्याचे कारण. परदेशी धाटणीच्या कादंबरीत मांत्रिक का लपतो हे फारसे कोणी विचारत नाही, कारण तो त्या प्रकारचा संकेतच आहे. महाराष्ट्रात मात्र त्याला अगदी ठोस, छापील कारण आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने त्याचा कायदा केला तो नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. म्हणजे ज्या शहरात आपला मांत्रिक राहतो, त्याच शहराच्या विधान भवनात त्याच्याविरुद्धचा कायदा मंजूर झाला आहे. या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड ५,००० पासून ५०,००० रुपयांपर्यंत आहे. कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे आणि तीत बारा कलमे आहेत. ती आपण मुळातून वाचावीत अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्याला इतका उपयोगी सरकारी कागद दुसरा मिळणार नाही.

त्या अनुसूचीत काय आहे ते पाहा. भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, जोडे भिजवलेले पाणी पाजणे. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये. साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र घालणे. आपल्यात अलौकिक शक्ती असल्याचे भासवून लोकांना फसवणे. आणि एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, असे जाहीर करून तिचे जगणे कठीण करणे. आता शेवटची गोष्ट आपल्या नायकाला लावून पाहा. अमुक माणूस काळी जादू करतो हे त्याला खरोखर ठाऊक आहे, पण ते चारचौघांत उच्चारले तर गुन्हेगार तोच ठरू शकतो. शिवाय खरी शक्ती असलेला माणूस आणि भोंदू यांत पोलिसांनी फरक करावा तरी कसा? नायकाला पुरावा देता येत नाही, साक्षीदार उभा करता येत नाही आणि कायदा अन्यायकारक आहे असेही म्हणता येत नाही, कारण आजूबाजूला भोंदूंनी नाडलेली माणसे तो रोज पाहतो. नायक मनातून या कायद्याच्या बाजूने आहे आणि तरीही कायद्याला घाबरून आहे, एवढे जरी पहिल्या प्रकरणात आले, तरी ही गोष्ट लंडनला किंवा शिकागोला नेऊन ठेवता येणार नाही.

खलनायकाविषयी मला अधिक स्पष्ट बोलावे लागेल. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत काळी जादू करणारा माणूस बहुधा ठरलेला असतो: गावाबाहेर राहणारी एकटी म्हातारी, जंगलातून आलेला आदिवासी भगत, स्मशानातला जटाधारी. लेखकाच्या मनात वावगे काही नसते, पण या प्रतिमा कोरड्या हवेत उगवलेल्या नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात जादूटोण्याच्या संशयावरून दलित वृद्धांना बांधून मारहाण झाली. नागपूरहून ते गाव काही परदेशात नाही. आपल्या कादंबरीतली म्हातारी खरोखरच चेटकीण निघाली, तर त्या मारणाऱ्यांचा संशय निदान तत्त्वतः बरोबर होता असे आपण नकळत म्हणून बसतो. वास्तववादी कादंबरीत असा धोका कमी असतो, कारण तिथे संशय खोटा ठरतो. फँटसीत तो खरा ठरवण्याची मुभा लेखकाला असते, म्हणून जबाबदारीही तिथेच जास्त.

म्हणून काळ्या जादूचा लाभ कोणाला होतो ते आधी ठरवावे आणि खलनायक त्या जागी बसवावा. नागपुरात याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. शहर चहूबाजूंनी वाढते आहे, शेतांचे ले-आउट पडत आहेत, एकच प्लॉट दोघा-तिघांना विकल्याच्या बातम्या नेमाने येतात, आखीव पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या जमिनीच्या मालकीच्या नोंदीवर, नाव लागावे म्हणून माणसे वर्षानुवर्षे खेटे घालतात. काळी जादू ही जमिनीची जादू असेल तर? पूर्वी गावाची शीव सांभाळणारे दैवत असे, शिवेवरच्या दगडाला शेंदूर असे. समजा, एखादा माणूस शहराच्या हद्दीचे दगड रातोरात, कोणाच्या लक्षात येणार नाही इतके, सरकवतो आणि त्या नव्या रेषेच्या आत झोपणारा प्रत्येकजण त्याचा देणेकरी होतो. त्याला कवटी लागत नाही, तळघर लागत नाही. त्याचे ऑफिस पहिल्या मजल्यावर, एसी लावलेले, आणि भिंतीवर ले-आउटचा नकाशा. हे मी केवळ उदाहरणादाखल सुचवतो आहे, आपली कल्पना याहून वेगळी असू शकते, पण लाभार्थी इतकाच स्पष्ट हवा.

ही कल्पना मला सुचण्याचे कारण झिरो माइल आहे. तो चार घोड्यांचा स्तंभ आपण जाता-येता पाहिला असेलच, आणि देशाचा मध्यबिंदू इथे आहे ही समजूतही लहानपणापासून ऐकली असेल. ती भूगोलाच्या परीक्षेत टिकते का, याच्याशी कादंबरीकाराला कर्तव्य नाही. इतकी माणसे ती मानतात हेच त्या जागेचे बळ. पण त्यामागची मोजणीची कहाणी जास्त विलक्षण आहे. ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने सारा देश साखळीने आणि दुर्बिणीने मोजला, ते १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाटला वारला आणि तिथेच पुरला गेला. देश मोजायला निघालेला माणूस नागपूरला पोहोचण्याआधीच मरतो, आणि पुढे त्याच नागपूरला लोक देशाचा मध्य मानू लागतात. एवढा दुवा हाती असताना आपण फुटाळ्याच्या काठी तळघर का खोदावे, हे मला खरोखर कळत नाही.

आता नायकाची शक्ती. बोटांतून वीज येण्यात अडचण अशी की ती फुकट येते. वाचकाला शक्तीचे कौतुक एकदा वाटते, मर्यादेचे मात्र शेवटच्या पानापर्यंत वाटत राहते. आपल्याकडच्या समजुतींत शक्ती आणि तिची शिक्षा बहुधा एकत्रच सांगितलेल्या असतात, त्यांतली एखादी उचलून तिच्या टोकापर्यंत जावे. उदाहरणार्थ पायाळू माणूस. पायांकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीखालचे धन दिसते, अशी समजूत आहे. गुप्तधनाच्या मागे लागलेले लोक अशा माणसाच्या शोधात असतात, आणि त्यात कसले भीषण प्रकार घडतात ते वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचायला मिळते. त्याच माणसावर वीज पडते, अशीही समजूत आहे. आणि त्याच माणसाची लाथ पाठीला लागली की उसण जाते, असेही सांगतात. आपला नायक पायाळू आहे असे धरले तर एका फटक्यात किती गोष्टी हाती येतात पाहा. त्याला जमिनीखालचे दिसते, म्हणजे सरकवलेले दगडही दिसतात. मेट्रोच्या खांबांसाठी खोदकाम चालले होते तेव्हा त्याने काय काय पाहिले असेल! पावसाळ्यात तो घराबाहेर पडायला घाबरतो. खलनायकाला तो मेलेला नको, जिवंत हवा आहे. आणि शेजारच्या काकू दर पंधरा दिवसांनी कंबर धरून दारात उभ्या राहतात, ‘मार रे बावा एक लात’ म्हणून. असा विनोद कादंबरीत असला की तिच्यातली भीतीही खरी वाटते.

विधी आणि वस्तू यांच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. आपल्या नमुना वाक्याच्या जागी काय येऊ शकते, याचा एक छोटा मसुदा देतो:

‘सकाळी साडेपाचला इतवारीतली सगळी दुकाने बंद होती. चौकात कोणीतरी पत्रावळीवर उतारा मांडून ठेवला होता: भाताचा मुटका, त्यावर कुंकू, टाचण्या टोचलेले लिंबू आणि एक फुटलेला बिब्बा. दूधवाल्याने तो पाहून सायकल पलीकडच्या अंगाने नेली. तो मात्र खाली बसला. लिंबू दिखाव्याचे होते, ते त्याने नालीत टाकले. बिब्बा उघड्या बोटांनीच उचलावा लागणार होता, फडक्यात धरला तर तो काहीच सांगत नसे. संध्याकाळपर्यंत बोटे उतणार, उद्या ऑफिसात कोणीतरी विचारणार, काय झालं बे, आणि पुन्हा काहीतरी थाप मारावी लागणार. त्याने तो उचलला.’

यात जादू एकाच ठिकाणी आहे, बिब्बा ‘सांगतो’ एवढीच. बाकी सगळे आपल्याला ठाऊक असलेले आहे. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की फोड येतात, हे कोणत्याही घरातली आजी सांगेल. म्हणून त्याने तो उचलला तेव्हा वाचकाच्या बोटांना आधी चुरचुरते आणि मग त्यातल्या जादूवर विश्वास बसतो. वस्तूचा खरा गुण आधी आणि कल्पित गुण त्याच्या पाठोपाठ, हा क्रम मी बहुतेक सर्व हस्तलिखितांत सुचवतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. प्रत्यक्षात केल्या जाणाऱ्या अघोरी विधीची साग्रसंगीत कृती पुस्तकात देऊ नये. कादंबरीतला विधी आपला स्वतःचा, कुठेही न सापडणारा असावा. त्यात सभ्यता तर आहेच, शिवाय आपले नियम आपल्याला हवे तसे वाकवता येतात.

शहराची वर्णने वाढवू का, असे आपण विचारले आहे. वाढवू नयेत, शक्य तर कमी करावीत. अंबाझरी, फुटाळा, सीताबर्डी, तेलंगखेडी अशी यादी दिल्याने नागपूर येत नाही, सहलीचे पत्रक होते. त्याऐवजी शहराचे वेळापत्रक कादंबरीला द्यावे. माझ्या मते या कथेला अक्षय्य तृतीयेच्या आसपास सुरुवात होऊन तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शेवट व्हायला हवा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी रस्ते ओस पडतात, कूलरच्या घरघरीत शेजारच्या खोलीतला आवाज ऐकू येत नाही, लोक गच्चीवर झोपतात. लपतछपत वावरणाऱ्या माणसासाठी आणि त्याचा पाठलाग करणाऱ्यासाठी याहून सोयीचा काळ नाही. त्यानंतर पाऊस, म्हणजे पायाळू नायकाची भीती सुरू. आणि शेवटी मारबत.

मारबतीविषयी नागपूरकराला मी काय सांगावे, पण लेखक म्हणून तिच्याकडे पुन्हा एकदा पाहावे असे वाटते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या बायांचे मोठाले पुतळे आणि त्यांच्यासोबत त्या वर्षीच्या नको असलेल्या गोष्टींचे बडगे, म्हणजे तसेच पुतळे, जुन्या शहरातून निघतात. ‘इडा, पिडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत’ अशी हाक उठते. अख्खे शहर रस्त्यावर येऊन जादूटोण्याला हाकलून देण्याची मागणी करते आहे, आणि त्या गर्दीत आपला मांत्रिक उभा आहे. ती हाक खलनायकासाठी आहे की त्याच्यासाठीही? त्याहून अवघड बाब अशी की काळी मारबत अनिष्टाची आणि पिवळी रक्षण करणारी असे मानतात, पण मिरवणुकीनंतर दहन दोघींचेही होते. आपल्या कादंबरीचा शेवट कुठे न्यायचा हे मी सांगणार नाही, तो आपला अधिकार आहे, पण रक्षण करणाऱ्यालाही शहर सुखाने ठेवत नाही, या बाजूने विचार करून पाहावा.

एक पात्र मला तीनही प्रकरणांत कुठे दिसले नाही, ते म्हणजे यातल्या कशावरही विश्वास नसलेला माणूस. या प्रकारच्या कादंबऱ्यांत तो बहुधा मठ्ठ पोलीस असतो आणि शेवटी त्याचे डोळे उघडतात. नागपुरात तसे करणे मला चुकीचे वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली ती याच शहरात, आणि बावीस प्रतिज्ञा ज्यांच्या घरात लहानपणापासून म्हटल्या जातात अशी माणसे आपल्या नायकाची शेजारी, सहकारी, मित्र असणारच. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, परिचारिका असलेली अशी एक मैत्रीण त्याला द्यावी. ती हुशार असावी, अनेकदा बरोबर असावी आणि शेवटपर्यंत तिचे मत बदलू नये. एखाद्या प्रकरणात साप चावलेल्या मुलाला घेऊन लोक नायकाकडे धावत येतात आणि तो काहीही न करता त्याला गाडीत घालून तिच्याकडे नेतो, एवढा एक प्रसंग आपल्यावरच्या अंधश्रद्धेच्या आरोपाला कोणत्याही प्रस्तावनेपेक्षा चांगले उत्तर देईल. दीक्षाभूमीला मात्र जादूचे ठिकाण करू नये. तिथल्या विचाराशी ते विसंगत आहे आणि वाचक ते योग्य कारणासाठी सहन करणार नाहीत.

भाषेचे थोडक्यात. निवेदन आपण लिहिता तसे प्रमाण मराठीत राहू द्यावे, संवादांत मात्र ‘काय करून राह्यला बे’ यायला हवे, आणि इतवारीत हिंदी मिसळतेच, तीही येऊ द्यावी. मंत्र शक्यतो पूर्ण लिहूच नयेत. संस्कृत मंत्र वाचकाला देवघरातले वाटतात आणि बनावट मंत्र हास्यास्पद वाटतात. नायकाने मंत्र म्हटला एवढेच सांगून, त्या वेळी त्याच्या घशाला काय झाले, ते लिहावे.

कायद्याविषयी माझी समज अशी की त्याचा रोख प्रत्यक्ष कृत्यांवर आणि त्यांच्या प्रचारावर आहे, कल्पित कथा म्हणून छापलेल्या कादंबरीवर नाही. तरीही एखाद्या जिवंत बाबा-महाराजाशी किंवा प्रत्यक्ष ले-आउटवाल्याशी खलनायकाचे साम्य जुळत असेल, तर तो प्रश्न बदनामीचा होतो, आणि छापण्यापूर्वी एखाद्या वकिलाला ती पाने दाखवलेली बरी.

पुढे काय करावे, तर आहे ती तीन प्रकरणे दुरुस्त करत बसू नये. खलनायकाचा एक पानभर हिशेब लिहावा: त्याला काय मिळते, कोणाकडून मिळते, आणि नायकाने त्याला अडवले नाही तर पुढच्या पोळ्यापर्यंत शहरात नेमके काय बदललेले असेल. मग नायकाच्या शक्तीला दोन मर्यादा आणि एक कायमचे नुकसान ठरवावे. त्यानंतर तिसरे प्रकरण, म्हणजे जिथे दोघे प्रथम समोरासमोर येतात ते, नव्याने लिहावे आणि त्याच मित्रांना वाचायला द्यावे. पहिले प्रकरण तोवर उघडू नये, तिसरे जमले की त्यातला निम्मा भाग तसाही गळणार आहे.